अनुभवाचे माप कुणाच्या हाती?

राष्ट्रपतिपदाच्या उमेदवाराला पुरेसा अनुभव आहे का, हा प्रश्न आपल्याकडे दर निवडणुकीला विचारला जात नाही. तो माणूस पाहून विचारला जातो. आणि ते माणूस बाई असेल, तर हमखास विचारला जातो. २०२७ साली पुन्हा राष्ट्रपती निवडायचा आहे. नावे पुढे येतील, वर्तमानपत्रांचे रकाने भरतील आणि अनुभवाची जुनी फूटपट्टी पुन्हा बाहेर निघेल. ती निघण्याआधी, मैत्रिणींनो, आपण ती एकदा हातात घेऊन पाहू. कुणासमोर ती लांब होते आणि कुणासमोर आखूड, हे तरी कळेल.

'ही कोण?'

१४ जून २००७ रोजी प्रतिभाताई पाटील यांचे नाव राष्ट्रपतिपदासाठी जाहीर झाले. आधी चर्चा शिवराज पाटलांची होती. डाव्या पक्षांना ते मान्य झाले नाहीत आणि मग हे नाव पुढे आले. दुसऱ्या दिवसापासून दिल्लीच्या पत्रकारितेत एकच सवाल होता : प्रतिभा पाटील कोण? अपरिचित, दुय्यम, एका घराण्याशी निष्ठा एवढेच भांडवल असलेली बाई, असे त्यांचे चित्र रंगवले गेले.

ही 'अपरिचित' बाई १९६२ साली, वयाच्या २७ व्या वर्षी, जळगावमधून विधानसभेवर निवडून आली होती. त्यानंतर १९६७ पासून सलग चार वेळा एदलाबादमधून. उपमंत्री झाली, मग कॅबिनेट मंत्री झाली. आरोग्य, समाजकल्याण, शिक्षण, नगरविकास अशी खाती तिने सांभाळली. १९७९-८० मध्ये महाराष्ट्र विधानसभेत विरोधी पक्षनेती होती. १९८५ साली राज्यसभेवर गेली, १९८६ ते १९८८ त्या सभागृहाची उपसभापती होती. १९९१ साली अमरावतीहून लोकसभेवर निवडून आली. २००४ साली राजस्थानची राज्यपाल झाली, त्या राज्याची पहिली स्त्री राज्यपाल. विधानसभा, राज्यसभा, लोकसभा, मंत्रालय, राजभवन. आता आणखी कुठे जायचे राहिले होते? स्वयंपाकघरात?

आता याच्या पाच वर्षे आधीची निवडणूक आठवा. २००२ साली डॉ. अब्दुल कलाम उमेदवार होते. त्यांनी आयुष्यात एकही निवडणूक लढवली नव्हती, ते कधी कोणत्या सभागृहात बसले नव्हते, मंत्री किंवा राज्यपाल झाले नव्हते. तेव्हा 'अनुभव नाही' हा दोष ठरला नाही, उलट तोच दागिना ठरला. राजकारणाच्या चिखलापासून दूर राहिलेला शास्त्रज्ञ म्हणून देशाने त्यांचे कौतुक केले. कलामांविषयीच्या आदराला इथे धक्का लावायचा नाही. पुरुषाजवळ राजकारणाचा अनुभव नसला तर तो 'स्वच्छ' आणि बाईजवळ ४५ वर्षांचा असला तरी ती 'कोण?', हे गणित कुठल्या शाळेत शिकवतात, एवढेच आम्हाला विचारायचे आहे. त्याच २००२ च्या निवडणुकीत कलामांच्या विरोधात कॅप्टन लक्ष्मी सहगल उभ्या होत्या. आझाद हिंद सेनेच्या झाशी राणी पलटणीच्या प्रमुख, पुढे कानपूरमध्ये गरिबांवर उपचार करणाऱ्या डॉक्टर. ती लढत 'प्रतीकात्मक' म्हणून बाजूला सारली गेली.

राज्यघटनेचे काय? ५८ वे कलम काढून पाहा. उमेदवार भारताचा नागरिक हवा, ३५ वर्षे पूर्ण झालेली हवीत, लोकसभेवर निवडून येण्यास पात्र हवा आणि सरकारी लाभाचे पद त्याच्याकडे नको. एवढेच. अनुभवाचा शब्द तिथे नाही. घटना लिहिणाऱ्यांनी जी अट घातली नाही, ती नंतर चर्चेतून घातली जाते आणि सोयीने उचलली जाते.

एक गोष्ट मात्र सरळ मान्य करू. २००७ साली समोर भैरोसिंह शेखावत होते. तीनदा राजस्थानचे मुख्यमंत्री आणि पाच वर्षे उपराष्ट्रपती. पदांची बेरीजच करायची तर त्यांचे पारडे जड होते आणि तसे कुणी म्हटले असते तर तो वाद रास्त ठरला असता. पण तुलना झाली ती अशी नाही. ती झाली पदराची, चष्म्याची, हळू आवाजाची. अखेर २१ जुलैला निकाल लागला तेव्हा प्रतिभाताईंना ६,३८,११६ आणि शेखावतांना ३,३१,३०६ इतक्या मूल्याची मते पडली. शिवसेनेने आपली आघाडी सोडून त्यांना पाठिंबा दिला, तो मराठी माणूस म्हणून. बाईला 'माणूस' म्हणायला राष्ट्रपतिपदाची वेळ यावी लागली!

भरू न दिलेले दिवस

अनुभव असून तो नसल्यासारखा धरायचा, ही युक्ती पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यातल्या बायकांना नव्याने सांगायला नको. गाड्यांच्या वायरिंगचे काम, सुटे भाग जोडण्याचे, तपासण्याचे, पॅकिंगचे काम कितीतरी कारखान्यांत बायका करतात. हात इतके बसलेले असतात की डोळे मिटून जोडणी होईल. पण कागदावर ती 'हेल्पर'. सलग २४० दिवस भरले तर कायम होण्याचा हक्क सांगता येतो, म्हणून त्याआधीच 'ब्रेक' द्यायचा. पंधरा दिवस घरी बसवायचे आणि पुन्हा नव्या तारखेने घ्यायचे. ठेकेदार बदलला की नवे ओळखपत्र, नवी सुरुवात. आठ-आठ वर्षे काम केलेली बाई कागदावर कायम नवखी! आणि सुपरवायझर नेमायची वेळ आली की म्हणायचे, "बायकांना अनुभव कुठे आहे?"

राजकारणात याहून वेगळे काय चालते? ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांच्या कारभारात बायकांसाठी एक तृतीयांश जागा राखल्या गेल्या. महाराष्ट्राने २०११ साली हे प्रमाण निम्म्यावर नेले. आपल्या महापालिकेत १२८ पैकी ६४ जागा बायकांच्या झाल्या. ही चळवळीची कमाई आहे, ती कुणी हलकी मानू नये. पण आरक्षण फिरते असते. पाच वर्षे बाई प्रभागात राबते, पाण्याची लाइन कुठून जाते, झोपडपट्टीच्या फाइलवर कुणाची सही लागते, कोणता अभियंता केव्हा जागेवर सापडतो, हे सगळे शिकते. सहाव्या वर्षी प्रभाग खुला होतो आणि पक्ष म्हणतो, "आता खुला आहे, आता पुरुष देऊ." खुला म्हणजे पुरुषांचा, हे कोणत्या कायद्यात लिहिले आहे? कुठेच नाही. पण ब्रेक मिळतो.

चिंचवड विधानसभेचेच पाहा. आमदार लक्ष्मण जगताप यांचे जानेवारी २०२३ मध्ये निधन झाले. पोटनिवडणुकीत भाजपने त्यांच्या पत्नी अश्विनी जगताप यांना उमेदवारी दिली. सहानुभूतीची उमेदवारी, अशी चर्चा झाली. २ मार्च २०२३ रोजी त्या निवडून आल्या आणि या मतदारसंघाच्या पहिल्या स्त्री आमदार ठरल्या. नवऱ्यामागे बायकोला तिकीट, ही रीत आपल्याला पटणारी नाही. वर्षानुवर्षे पक्षासाठी राबणाऱ्या कार्यकर्त्या बाजूला राहतात आणि घराचा वारसा पुढे जातो, हे आपण नेहमी म्हणत आलो आहोत. पण पुढची गोष्ट लक्षात घ्या. वीस महिन्यांनी, नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत, जेव्हा त्यांच्याजवळ आमदारकीचा स्वतःचा अनुभव होता, तेव्हा उमेदवारी त्यांच्याकडे राहिली नाही. ती दीर शंकर जगताप यांना मिळाली आणि ते निवडून आले. अनुभव नव्हता तेव्हा तिकीट मिळाले, अनुभव आला तेव्हा ते दुसऱ्याकडे गेले. पक्ष कोणता हा इथे मुद्दाच नाही. सगळ्या पक्षांच्या घरात हीच चूल आहे. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाल्यापासून २०२४ च्या निवडणुकीनंतरच्या शपथविधीपर्यंत एकदाही मुख्यमंत्रिपदाची शपथ बाईने घेतलेली नाही. ज्या राज्यात शिडीची मधली पायरीच काढून ठेवलेली असते, तिथे वरच्या मजल्यावर बाई दिसत नाही म्हणून आश्चर्य कसले करायचे?

म्हणून आमचे म्हणणे असे की, अनुभव ही आपोआप साठणारी वस्तू नाही. कुणाला तो साठवू द्यायचा आणि कुणाच्या हातून मधेच काढून घ्यायचा, हे कुणीतरी ठरवत असते. आणि ठरवणारेच नंतर मोजायला बसतात.

मग बाई असली की झाले?

नाही. इथे आपल्यापैकी काहीजणी थांबतात आणि म्हणतात, बाई आहे ना, मग पाठिंबा द्या, उगाच चिकित्सा कशाला? काहीजणी म्हणतात, राष्ट्रपती म्हणजे रबरी शिक्का, तिथे बाई काय नि बुवा काय! ही दोन्ही उत्तरे आळसाची आहेत.

शिक्का म्हणून ज्याला आपण हसतो, तो कुठे-कुठे उमटतो ते आठवा. २५ जून १९७५ च्या रात्री फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळाची बैठक झालेली नसतानाही. हे गृहस्थ अनुभवात कमी होते का? आसामात आणि केंद्रात त्यांनी वर्षानुवर्षे मंत्रिपदे भूषवली होती. अनुभव होता, पण सही करण्याआधी एक प्रश्न विचारण्याची हिंमत नव्हती. २३ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी महाराष्ट्रातली राष्ट्रपती राजवट उठवली गेली, तीही मंत्रिमंडळाच्या बैठकीशिवाय, पंतप्रधानांच्या विशेष अधिकारात. तेव्हा राष्ट्रपती होते रामनाथ कोविंद. दोन वेळा राज्यसभा आणि त्यानंतर बिहारचे राज्यपालपद, एवढा त्यांचाही अनुभव होता.

आणि थेट बायकांच्या शरीराशी भिडणाऱ्या गोष्टी? १९७६ साली महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. तीन मुले झाली की नसबंदी सक्तीची. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणूनच ते कायदा होऊ शकले नाही. ती सही झाली असती तर आपल्या आयांच्या पिढीचे काय झाले असते, याचा विचार करा. २०१३ साली वर्मा समितीच्या महत्त्वाच्या शिफारशी गाळून बलात्कारविषयक कायद्याचा वटहुकूम आला. विवाहांतर्गत बलात्काराचा मुद्दाही त्यात नव्हता. देशभरातल्या स्त्री संघटनांनी राष्ट्रपतींना जाहीर विनंती केली की, यावर सही करू नका. प्रणव मुखर्जींनी सही केली. त्यांच्याइतका अनुभवी राजकारणी राष्ट्रपती भवनात क्वचितच गेला असेल!

तेव्हा राष्ट्रपतीला लागणारा अनुभव कोणता? घटनेने त्याच्या हाती मोजके अधिकार ठेवले आहेत. मंत्रिमंडळाचा सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवता येतो. धन विधेयक सोडून इतर साधारण विधेयक संसदेकडे परत पाठवता येते. दयेच्या अर्जांची फाइल त्याच्या टेबलावर येते. म्हणजे या पदाला लागणारा खरा अनुभव एकच आहे : समोर आलेल्या कागदावर ताबडतोब सही न करण्याचा.

आता या मापाने मोजा. प्रतिभाताई राजस्थानच्या राज्यपाल असताना २००६ साली तिथल्या विधानसभेने धर्मांतरावर निर्बंध घालणारे विधेयक मंजूर केले. त्यांनी त्यावर सही करायला नकार दिला. द्रौपदी मुर्मू झारखंडच्या राज्यपाल असताना आदिवासींच्या जमिनीचे संरक्षण करणाऱ्या छोटानागपूर आणि संथाल परगणा कायद्यांतल्या दुरुस्त्या त्यांच्यासमोर आल्या. २०१७ साली त्यांनी त्या परत पाठवल्या. सरकार तर त्यांच्याच पक्षाचे होते. या दोन्ही गोष्टी म्हणजे राष्ट्रपतिपदाच्या कामाची अगदी तालीम म्हणावी अशा. २००७ आणि २०२२ च्या चर्चांत 'रबरी शिक्का' हा शब्द किती वेळा आला आणि या नकारांचा उल्लेख किती वेळा आला, ते जुने अंक काढून पाहा. मुर्मूंनी १९९७ साली रायरंगपूरच्या नगरपंचायतीत नगरसेविका म्हणून सुरुवात केली होती. आपल्या प्रभागातल्या बायका जे काम करतात तेच. ते काम राष्ट्रपती भवनाच्या वाटेवरचे आहे, असे आपल्या पोरींना कुणी सांगते का?

पण हेच माप उलट बाजूनेही लावायला हवे, नाहीतर आपण आणि ते यांत फरक काय राहिला? प्रतिभाताई आणीबाणीत राज्याच्या आरोग्यमंत्री असताना आनुवंशिक रोग असलेल्यांच्या सक्तीच्या नसबंदीची भाषा त्यांनी विधानसभेत केली होती, हे २००७ साली समोर आले. त्याच वर्षी उदयपूरच्या भाषणात पडदा पद्धत मोगल आक्रमकांपासून बायकांचे रक्षण करण्यासाठी आली, असे त्या म्हणाल्या. इतिहासकारांनी ते खोडून काढले. त्यांच्या नावाने निघालेल्या जळगावच्या महिला सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने २००३ साली रद्द केला होता, आणि नातेवाइकांच्या कर्जांवरून आरोप झाले होते. बायकांच्या ठेवींची बँक बुडते तेव्हा कुणाचे मंगळसूत्र मोडले जाते, हे बचत गटातल्या बाईला विचारावे. हे प्रश्न रास्त होते. ते आपण विचारायला हवे होते, मोठ्याने विचारायला हवे होते. 'अनुभव आहे का' या पोकळ सवालाने नेमके हेच केले की, खरे सवाल झाकून टाकले. 'कोण ही बाई?' असे विचारणाऱ्याला 'या बाईने सत्ता असताना काय केले?' हे विचारावेच लागत नाही.

पाच वर्षांच्या कारकिर्दीचाही हिशेब असाच दुहेरी आहे. तीसहून अधिक जणांची फाशी त्यांनी जन्मठेपेत बदलली. त्यांत बलात्कार आणि खुनाच्या गुन्ह्यांतलेही होते, म्हणून कडाडून टीका झाली. फाशीला विरोध करणाऱ्या आपल्या चळवळीत या निर्णयांवर आजही एकमत नाही, पण शिक्का मारणाऱ्या हाताचे हे काम नव्हते एवढे नक्की. दुसरीकडे, निवृत्तीनंतरच्या घरासाठी इथे आपल्या शेजारी, खडकीत, लष्कराच्या जागेवरून २०१२ साली वाद उठला आणि शेवटी त्यांनी ती जागा सोडली. पहिली स्त्री राष्ट्रपती म्हणून आपण दोन्ही गोष्टी सांगू. गौरवग्रंथ लिहिणे हे आपले काम नाही आणि शिमगा करणे हेही नाही.

आपले प्रश्न, आपले माप

राष्ट्रपतीला आपण थेट मत देत नाही, मग एवढी उठाठेव कशाला, असे कुणी म्हणेल. खासदार आणि आमदार मत देतात. महाराष्ट्रातल्या एका आमदाराच्या मताचे मूल्य १७५ असते, ते १९७१ च्या जनगणनेवरून ठरलेले आहे. चिंचवडच्या आमदाराचे मत तेवढ्या मोलाचे, तसेच मावळच्या खासदाराचेही मत आहे. या निवडणुकीत पक्षादेश लागू होत नाही आणि मतदान गुप्त असते. म्हणजे 'पक्षाने सांगितले म्हणून' ही सबब इथे चालत नाही. त्या १७५ मध्ये आपला वाटा आहे. तो मागायला जायला हवे.

जाताना तीन प्रश्न घेऊन जाऊ. उमेदवार बाई असो की पुरुष, प्रश्न तेच. पहिला : या व्यक्तीने सत्तेच्या जागेवर असताना आपल्याच माणसांना कधी 'नाही' म्हटले आहे का, आणि कोणत्या कागदावर? दुसरा : बायकांच्या शरीराबद्दल, जमिनीबद्दल, मजुरीबद्दल आजवर काय बोलले आणि काय केले? तिसरा : कष्टकरी बायकांचे निवेदन हातात घेऊन ते वाचायची सवय या व्यक्तीला आहे का? हे तिन्ही प्रश्न कलामांना लावता आले असते, शेखावतांना आणि प्रतिभाताईंनाही. ज्याला उत्तर देता येईल तो अनुभवी. मग त्याने दहा खाती सांभाळली असोत की एक प्रभाग.

आणि खाली, आपल्या दारात, दुसरी लढाई आहे. प्रभाग खुला झाला की निवडून आलेल्या बाईचे तिकीट कापू द्यायचे नाही. तिच्या पाच वर्षांच्या कामाची नोंद संघटनेने ठेवायची, म्हणजे 'तिला काय येते' म्हणणाऱ्याच्या पुढ्यात ती टाकता येईल. २०२३ साली संसदेत स्त्री आरक्षणाचा कायदा झाला तोही जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेची अट घालून. इथेही तारीख पुढेच, इथेही ब्रेक! कारखान्यातली बाई आपल्या दिवसांची नोंद वहीत ठेवायला शिकली, कारण ठेकेदाराच्या वहीत ते दिवस कधीच भरत नव्हते. राजकारणातल्या बाईचे दिवसही आपल्यालाच मोजावे लागतील. दुसऱ्याच्या वहीवर विसंबलो, तर राष्ट्रपती झालेल्या बाईलाही लोक विचारतील, "ही कोण?"